काचेवरची घोंगडी

शिंगाडे सरांना काही खासगी बोलायचं असलं, की ते आधी कॉम्प्युटरवर घोंगडी टाकत.

खासगी म्हणजे फार काही नसे. हेडसरांचं पोट बिघडलंय, किंवा या महिन्यात खडूचे डबे लवकर संपले, एवढंच. पण ते सांगण्याआधी सर उठत, खोलीतल्या पाचही यंत्रांवर पाच काळ्या घोंगड्या पसरत, कडा ओढून टेबलापर्यंत नेत, आणि मग खुर्ची माझ्याजवळ सरकवून आवाज उतरवत.

"काच हाय ती, बाई. काचेतून आपल्याला तिकडचं दिसतं, तर तिकडच्याला आपलं दिसत नसंल कशावरून?"

"सर, ती बंद आहेत."

"बंद हायेत असं कोण म्हणतं? तीच म्हणत्यात."

या माणसाबद्दल मी आजवर कुठे बोलले नाही. त्यांचे किस्से सांगून चारचौघांना हसवणं सोपं होतं, पण त्यांच्याबद्दल सांगायचं म्हणजे मी त्या खोलीत काय करत होते तेही सांगावं लागतं. आता वयाची पन्नाशी उलटली, हेडसर नाहीत, ती शाळाही ओळखू येणार नाही इतकी बदलली. तेव्हा सांगून टाकते. मला त्या खोलीत शिंगाडे सरांवर नजर ठेवायला बसवलं होतं.

तो काळच एकमेकांवर नजर ठेवण्याचा होता. औरंगाबादच्या चहूबाजूंनी कारखाने उभे राहत होते. वाळूजकडे जाणाऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसे, आणि शहरात नामांतराचा प्रश्न धुमसत होता. क्रांती चौकात मोर्चा निघाला की शाळा अर्ध्या दिवसात सुटायची. आमच्या शिक्षकांच्या खोलीत 'विद्यापीठ' एवढाच शब्द वापरायचा, त्याच्या पुढेमागे काही लावायचं नाही, असं न ठरवता ठरलं होतं. कोण कुणाच्या बाजूचा याचा अंदाज लोक चहाचा कप धरण्यावरूनसुद्धा बांधत.

अशात आमच्या शाळेचं स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातल्या शाळेशी नातं जुळलं. वाळूजच्या एका कारखान्याचा तिकडचा भागीदार होता, त्याच्या गावची ती शाळा. तिकडून पाच कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यासाठी कारखान्याने एक खोली वातानुकूलित करून दिली. गणिताचे म्हणून शिंगाडे सरांना ती खोली मिळाली, आणि तिकडे पत्रं लिहायला इंग्रजीची म्हणून मला बसवलं. निदान वरकरणी कारण ते होतं. आतलं कारण हेडसरांनी दार लावून सांगितलं.

"शिंगाडे नेमके कुणाच्या बाजूचे आहेत ते कळत नाही. तुम्ही तिथं बसताच आहात, तर लक्ष असू द्या. आठवड्याला मला सांगत जा."

मी नवी होते, कायम व्हायचं होतं. मी हो म्हणाले.

शिंगाडे सर पाचोडकडचे. घर मेंढरं राखणारं. वडील तेव्हाही कळप घेऊन रानोमाळ हिंडत होते, आणि सर त्या घरातले पहिले एम.एस्सी. होते. बायको लवकर गेली, एकच मुलगी होती ती करमाडला दिलेली. उस्मानपुऱ्यात एका खोलीत एकटे राहत. उंच, काटक, डोळे सतत बारीक केलेले, जणू समोरचा माणूस म्हणजे माळावर लांब हलणारं काहीतरी आहे आणि ते कुत्रं की लांडगा हे ठरायचंय. त्यांच्या संशयाला मोठं-छोटं कळत नसे. खडूचा डबा आला की ते एक खडू मोडून बघत. कुणी पेढे दिले तर "कशाचे?" विचारत, आणि कारण ऐकल्यावर "बरं, खरं कशाचे?" विचारत. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मान हलवत म्हणत, "ह्यात मेख हाय."

नामांतराबद्दल मत विचारणाऱ्यांची त्यांनी एकदाच व्यवस्था लावून टाकली होती. "मत देतो की. आधी सांगा, प्रश्न तुमचा सोताचा हाय का कुणी धाडलाय?" बहुतेक वेळा धाडलेलाच असे. विचारणारा चहा संपवून उठे. त्यामुळे एका गटाला ते दुसऱ्यांचे वाटत आणि दुसऱ्यांना पहिल्यांचे.

दोन्ही शाळांनी काम कसं करायचं याची पद्धत तिकडच्यांनी सुचवली होती. तिथली मुलं बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत एखादा प्रोग्रॅम अर्धाच लिहून फ्लॉपीवर पाठवणार, आमच्या मुलांनी तो पुरा करायचा. पुढच्या वेळी अर्धा आमचा, पुरा करणार ते. मला ही कल्पना फार गोड वाटली. शिंगाडे सरांनी पहिली फ्लॉपी उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिली.

"अर्धंच कशापायी धाडलं?"

"आपण पुरं करायचं, सर. दोघांनी मिळून."

"म्हंजे चुकलं तर आपल्या अर्ध्यात चुकलं. ह्यात मेख हाय."

तरी त्यांनी त्या फ्लॉपीला हळदकुंकू लावलं. ते कागदी पाकिटालाच लागलं म्हणून बरं. तिकडून कळवलं की भारतीय रंग फार आवडले. फ्लॉपी आली की शाळेबाहेरचं कुत्रं भुंकतं, असंही सरांनी एकदा घोंगड्या टाकून मला सांगितलं. मी ते हेडसरांना सांगितलं. हेडसर डोळे पुसेपर्यंत हसले आणि म्हणाले, "छान. लक्ष असू द्या."

सकाळी हेडसरांनी निवडलेली तुकडी असे, गुणवत्तेप्रमाणे. आता गुणवत्ता नेमकी कुठल्या आडनावांपाशी येऊन थांबते हे बघायला शिंगाडे सरांइतकं संशयी असायची गरज नव्हती. दुपारी, मधल्या सुटीनंतर, सर आपल्या मर्जीने दुसरी पोरं बसवत. शाळेमागच्या वस्तीतली. त्यांचे आईबाप कारखान्यांत कंत्राटावर, आणि कामाला सुटी असली की नामांतराच्या मोर्च्यात. पूर्ण शाळेत थंड हवा त्या एकाच खोलीत होती, त्यामुळे उन्हाळ्यात दारात झुंबड उडे. सर चपला बाहेर काढायला लावत आणि उंबऱ्यावर एकेकाची उलटतपासणी घेत.

"कशाला आलास? बेसिकला का गारव्याला?"

"बेसिकला, सर."

"गारवा आवडत नाय तुला? मग बाहेर उभा ऱ्हा." पुढचा. "तू?"

"गारव्याला, सर."

"खरं बोलला. बस आत. बसल्या बसल्या धा ओळी लिही."

त्यांच्यात संगीता होती, सातवीतली. तिकडून एकदा घराचं चित्र आलं: कौलारू छप्पर, धुराडं, आणि दारापर्यंत येणारी वाट अर्ध्यात सोडलेली. ती पुरी करायची होती. संगीताने वाट दारापर्यंत आणली आणि तिथून बाजूला वळवून घरावरून पुढे, पडद्याच्या कडेपर्यंत नेली.

सरांनी डोळे बारीक केले. "वाट घरात का नाय नेली?"

"सर, त्यांनी बोलावलंय कुठं?"

सरांनी पडद्यावरच्या वाटेवरून कडेपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "धाड तसंच."

पुढच्या फ्लॉपीत तेच घर परत आलं. दार उघडं होतं आणि दारात रेघांचा एक माणूस हात वर करून उभा होता. पोरं हसली, संगीता लाजली. सर मात्र म्हणाले, "आता कशापायी बोलावत्यात?" पण ते चित्र त्यांनी दिवसभर पुसू दिलं नाही.

मग यंत्रं मरू लागली.

आधी एकाच्या कळा दाबल्या तरी अक्षर उमटेना. पंधरवड्याने दुसरं गेलं. तिसरं चालू होऊन नुसतंच पांढरं राही. आणि दर वेळी ते दुपारच्या वर्गात मरे. सकाळी धडधाकट, मधली सुटी संपून वस्तीतली पोरं येऊन बसली की गतप्राण. शिंगाडे सरांना तर आयुष्यभराचं संशयाचं भांडवल एकदम कामाला आल्यासारखं झालं. त्यांनी शिपायाच्या खिशातलं चुंबक शोधलं, मिळालं नाही. माझी पर्स रिकामी करायला लावली. कारखान्यातून आलेल्या मेकॅनिकला खोलीत एकटं सोडलं नाही. तो बिचारा दार उघडं ठेवून लघवीला गेला तर सर मागे. मधल्या सुटीत खिडकीतून कुणी पाहू नये म्हणून रोज टाकत त्या घोंगड्या आता आणखी घट्ट ओढून बसवू लागले. फक्त पोरांना त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही.

हेडसरांनी मला विचारलं. मी म्हणाले, "दुपारचीच मुलं असतात तेव्हा होतं, सर."

खोटं नव्हतं ते. पण मला माहीत होतं हे वाक्य त्यांच्या कानात कुठे जाऊन बसणार. हेडसर म्हणाले, "मला वाटलंच. मोर्चेवाल्यांची पोरं. इंग्रजांच्या वस्तू फोडायच्या एवढंच शिकवलेलं." दुसऱ्या दिवशी दुपारचा वर्ग बंद झाला. संगीता शेवटच्या बिघडलेल्या यंत्रावर बसलेली होती, म्हणून तिला बोलावून दम दिला गेला. आठवड्यानंतर कळलं, तिच्या आईने तिला शाळेतूनच काढायचं ठरवलंय. चिकलठाण्याच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आई पोळ्या लाटायची, तिथे पोरीलाही लावून घेणार होती.

सरांनी हे मला सांगितलं तेव्हा घोंगडी टाकली नाही. नुसतंच म्हणाले, "लई डोकं हाय पोरीला. पोळ्या लाटील आता."

त्याच सुमाराला तिकडच्या शाळेच्या मार्गारेटबाई आम्हाला भेटायला आल्या. जाड, लालबुंद गालांच्या, मोठ्याने हसणाऱ्या. स्वागत, हार, नारळ झाल्यावर हेडसर त्यांना खोलीत घेऊन आले. कोपऱ्यातल्या मेलेल्या तीन यंत्रांकडे बाईंची नजर जाऊ नये म्हणून हेडसर त्यांच्यासमोर उभे राहिले. पण बाईंचं लक्ष भलतीकडेच होतं. त्यांनी चालू यंत्रावरच्या घोंगडीचा कोपरा उचलला, नाकाशी नेला आणि खोल वास घेतला.

"वास का घेतला हिनं?" सरांनी मला विचारलं.

मी बाईंना विचारलं. त्यांचे वडीलही मेंढपाळ होते. मी तसं सांगितलं.

शिंगाडे सरांचे डोळे पहिल्यांदा जरा मोठे झाले. "विचारा, किती मेंढरं?"

बाईंनी आकडा सांगितला.

"जास्त सांगतीय. मेंढरांचा आकडा कुणी खरा सांगत नाय," सर म्हणाले, पण चेहरा खूश होता.

बाईंनी हसत हसत घोंगडी यंत्रावरून ओढून काढली. बारीक चरचर झाली. त्यांनी यंत्राच्या मागच्या पत्र्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. परत हसल्या. मग हसता हसता थांबल्या. घोंगडीकडे बघितलं, थंड हवेच्या यंत्राकडे बघितलं, हेडसरांच्या मागे वाकून कोपऱ्यात बघितलं, आणि माझ्याकडे वळून बोलायला लागल्या.

त्यांचं इंग्रजी हेडसरांना कळत नव्हतं, मलाही निम्मंच कळे. पण हे सगळं कळलं. लोकर आणि कोरडी हवा. घासली की वीज साठते. ती वीज आतले नाजूक भाग जाळते. आमच्याकडे मुलांना स्वेटर काढून ठेवल्याशिवाय यंत्राला हात लावू देत नाही. तुमची यंत्रं याच घोंगड्यांनी मारली असणार. रोज मधल्या सुटीत घट्ट पांघरलेली घोंगडी सर ओढून काढायचे, आणि लगेच दुपारचा वर्ग बसायचा. सगळं सरळ होतं.

आणि सरळ होतं म्हणूनच मला ते हेडसरांना सांगायचं नव्हतं. पोरांचा काही संबंध नव्हता, आणि संबंध मी लावून दिला होता. हेडसर शेजारी उभे होते. "काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "घोंगडी फार सुंदर आहे म्हणतात."

शिंगाडे सर माझ्याकडे वळले. "बाई, ती येवढी बोलली, तुम्ही येवढंच सांगितलं. बाकीचं कुठं ठेवलं?"

हेडसर हसले. सर हसले नाहीत. त्यांनी मार्गारेटबाईंसमोर ती घोंगडी उचलली, यंत्रावर टाकली आणि प्रश्नार्थक बघितलं. बाईंनी मान डोलावली. सरांनी कान लावून ती हळूहळू ओढली. चरचर. बोट पत्र्याजवळ नेलं. टचकन ठिणगी. बाईंनी कोपऱ्यातल्या मेलेल्या यंत्रांकडे बोट केलं. दोन धनगरांना मधे दुभाषी लागलाच नाही.

"लहानपणी हिवाळ्यात घोंगडी झटकली की ठिणग्या दिसायच्या," सर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आय म्हणायची, मेंढरू अजून जितं हाय तिच्यात."

"काय चाललंय?" हेडसर म्हणाले.

"चोर गावला, सर."

"कोण?"

"मी."

पाहुण्या चहाला गेल्यावर हेडसरांनी आम्हा दोघांना थांबवलं. "झालं ते झालं. हे बाहेर जायचं कारण नाही. आपल्याच शिक्षकाने यंत्रं बिघडवली हे बरं दिसत नाही. वर्ग बंद झालाय, आपोआप मिटलंय."

"मिटलं नाय, सर. पोरांच्या नावावर टाकलंय."

"मग खोली तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

शिंगाडे सरांनी कमरेची चावी सोडून टेबलावर ठेवली. हेडसरांनी ती उचलून माझ्या हातात दिली. त्या चावीइतकं जड मी आयुष्यात दुसरं काही धरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सर माइकपाशी गेले. आधी त्यावर टिचकी मारून तो खरंच चालू आहे ना याची खात्री केली. मग म्हणाले, "दुपारच्या पोरांनी कायबी मोडलं नाय. मोडलं ते म्या. माझ्या घोंगडीनं. उद्यापास्नं वर्ग व्हईल." आणि खाली उतरले. हेडसर आकाशाकडे बघत होते. सगळ्या शाळेसमोर सरांनी बोललेला शब्द त्यांना फिरवता येईना.

पण संगीता ते ऐकायला शाळेत नव्हती. संध्याकाळी शिंगाडे सर वस्तीत निघाले, आणि मी मागे गेले. का गेले ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

निळ्या पताकांखालून आम्ही गेलो. माणसं बोलायची थांबत आणि आम्ही पुढे गेलो की बोलू लागत. संगीताची आई दारात तांदूळ निवडत होती. ती उठली नाही.

"ताई, मी संगीताचा सर."

"ठावं हाय. अजून काय मोडलं तिनं?"

"तिनं नाय मोडलं. मी मोडलं. त्येच सांगाया आलो."

"तुमाला कुणी धाडलं?"

आयुष्यभर हा प्रश्न सरांनी विचारला होता, त्यांना तो कुणी विचारला नव्हता. "कुणी नाय," ते म्हणाले.

"दुसऱ्यांदा आळ आला तर? तवा कोण सांगाया येईल?"

मी पुढे झाले. म्हणाले, "आळ माझ्यामुळे आला. मी हेडसरांना तसं सांगितलं होतं." तिने सूप खाली ठेवलं आणि मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आतल्या अंधारात संगीता उभी होती, तिनेही.

"बघू," आई म्हणाली, आणि परत निवडायला लागली.

परतताना रेल्वेच्या पुलाजवळ सर म्हणाले, "बाई, माझं काय काय सांगितलं हेडसरास्नी?"

मी सांगितलं. काचेचं, पेढ्यांचं, हळदकुंकवाचं. रविवारी मुलीला करमाडला फोन लावून ते फक्त "व्हय, व्हय" म्हणत बसतात, तेही.

"कुत्र्याचं सांगितलं?"

"सांगितलं."

"ते खोटं व्हतं." सर समोर बघून चालत होते. "फ्लॉपी आल्यावर कुत्रं कशाला भुंकंल, बाई? तुम्हाला कशाला बसवलंय ते मला पयल्या हप्त्यातच कळलं. म्हणलं, बाईला सांगाया काय गावलं नाय तर हेडसर तिला उठवतील तिथनं. म्हणून हप्त्याला एखादं काढून ठेवायचो."

मी थांबले. "का पण?"

तेही थांबले. पुलाखालून एक टेम्पो पत्रे वाजवत वाळूजकडे गेला. तो लांब जाईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"पोरं तीनला जायची. मग खोलीवर जाऊन काय करायचं? तुम्ही बसायचा पाचपतूर. नजर ठेवाया का व्हईना."

दुसऱ्या दिवशी मधली सुटी संपल्यावर मी खोली उघडली. आता कुणाला काही कळवायचं नव्हतं, तरी माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. सर उंबऱ्यावर उभे. चार पोरं आली, मग दोन. चालू यंत्रं दोनच होती, त्यांच्याभोवती ती दाटीने बसली. बऱ्याच वेळाने संगीता आली, आणि तिच्यामागे तिची आई, कॅन्टीनची खाकी साडी तशीच नेसलेली. पोरगी आत गेली. आई दाराबाहेर चपलांच्या ढिगाशी उभी राहिली, हाताची घडी घालून, सरांवरून नजर न हलवता.

सरांनी माझ्या शेजारची खुर्ची उचलली आणि संगीताच्या मागे नेऊन ठेवली.

"आत या, ताई," ते म्हणाले. "तिथनं नीट दिसायचं नाय."